सातव्यापर्यंतची वाट

पंच्याऐंशीच्या सुमारास आम्ही बोरीवलीला चाळीत राहायचो. शेजारच्या खोलीत मालवणकडची नवी सून होती. तिला सहावा सरत आला, तरी डॉक्टरनं एकदाही बघितलं नव्हतं. म्युनिसिपालटीचं प्रसूतिगृह पायी दहा मिनिटांवर. सासू वाईट म्हणाल, तर अजिबात नाही. सुनेला रोज पेज करून द्यायची, भरलेली बादली उचलू द्यायची नाही. मग अडलंय कुठं? मला आपली खोडच, एखादी गोष्ट कळली नाही की चैन पडत नाही.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता सासूला विचारलंच, “काकी, सुनेचं नाव घातलंत की नाही दवाखान्यात?”

“पयला बाळंतपण म्हायेराक,” काकी म्हणाल्या. “मगे हयसर नाव कित्याक घालूचा? सातव्यात तिची आवस येतली नि घेऊन जातली.”

तेव्हा अशीच रीत. सातव्यात आई येऊन नेणार. जिथं बाळंत व्हायचं तिथंच नाव घालायचं, आणि तपासणी काय ती नाव घातल्यावर. मी तरी कुठं शहाणी? माझ्या पहिल्या वेळी, पुरुष डॉक्टर निघाला तर, या भीतीनं पाचवा काढला होता. नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते. म्हटलं, हिचंही तसंच काही असेल, म्हणून एकटी गाठून विचारलं.

“तसं नाही वहिनी,” ती म्हणाली. “डोकं दुखतं. चपला होत नाहीत, ह्यांच्या घालते. पण आठ दिवसांवर जाणं आलंय, आता कुठं कुरकुर करू?”

तिच्या पावलावर बोट दाबलं, तर खळगा पडला तो तसाच राहिला. मला काही ते बरं दिसेना.

काकींना म्हटलं, “नाव नका घालू. एस.टी.चा प्रवास झेपेल का, तेवढं विचारून येऊ.”

“इचारूक काय जाता,” म्हणत काकी निघाल्या.

तिथं नर्सनं रक्तदाब मोजला, परत मोजला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. बाईंनी विचारलं, “इतके दिवस का नाही आणलंत?”

“तिका म्हायेराक जावचा हा.”

“कुठंही जायचं नाही. आजच दाखल करा.”

काकींनी बाहेर येऊन गावाला तार करायला लावली, तुम्हीच या म्हणून. सुनेची आई आली. आठवा सरता सरता मुलगी झाली, थोडी आधी, अंगानं बारीक, पण दोघी सुखरूप.

बारशाच्या आधी दोघी विहिणी लंगोट घडी करत बसल्या होत्या. मीही होतेच. आईनं हळूच विचारलं, “इतक्या जवळ दवाखानो, मगे दाखवलास कित्याक नाय?”

“पयल्या बाळंतपणाचो मान तुमचो,” काकी म्हणाल्या. “तो आमी कसो घेवचो?”

“कसलो मान? आमी तर म्हणत होतंव, मुंबयचे मोठे डाक्टर बघतत असतले.”

मग आईनं घडी केलेला लंगोट उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली.