पहिली मेथी

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्या वर्षी आईने उमेळ्यातल्या आमच्या बिल्डिंगमागची पडीक जागा साफ करून मेथी पेरली. तिथे कधीतरी कुठल्याशा वर्कशॉपमधला भराव टाकलेला होता. खणताना हिरवट माती लागली, तेव्हा आई म्हणाली, "शेवाळ असेल."

मेथी छान आली. पहिली भाजी शेजारी द्यायची, मग आपण खायची, ही आमच्या गावची रीत. आईने सकाळीच जुड्या वाटल्या. दुपारी केमिस्ट्रीच्या तासाला सरांनी धातूला मुलामा देताना उरणाऱ्या विषारी गाळाबद्दल सांगितलं. तो बऱ्याचदा हिरवट असतो, म्हणाले. मी तसाच घरी पळालो.

शेजारच्या वहिनी गरोदर होत्या. त्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, ती खाऊ नका."

"का हो भावोजी? आईंनी विष घातलंय की काय?" त्या हसल्या.

"मला नक्की माहीत नाही. पण खाऊ नका."

मागे आई उभी होती. ऐकताच ती घरोघरी जाऊन जुड्या परत मागू लागली. दोन घरांत भाजी जेवणात संपली होती.

त्या घरांतली मुलं जिन्यात भेटली की पुढे कितीतरी दिवस मी त्यांचे चेहरे निरखत राहायचो.