ती चार वर्षं माझीही होती

हार खाली ठेवला. चावडीपुढच्या मातीत. देशमुखाचा कारभारी चार पावलं पुढं आला, वाकला, झेंडूचा हार माझ्या भावाच्या पायांपासून हातभर लांब ठेवला अन् लगेच मागं सरकला. ओट्यावर सतरंजी टाकून देशमुख बसला होता. तिथूनच म्हणाला, "घे रे बीए. उचल अन् घाल गळ्यात."

भाऊ वाकला. हार उचलला. आपल्याच हातानं आपल्याच गळ्यात घातला. माती लागली होती, ती झटकली नाही. मग हात जोडून म्हणाला, "मी आपला अत्यंत आभारी आहे."

अत्यंत. आमच्या घरात हा शब्द कधी कोणी बोललं नव्हतं. कॉलेजातून आणलेला शब्द होता तो, अन् पहिल्यांदा वापरला तो इथं.

टाळ्या पडल्या. कोणाच्या म्हणाल, तर आमच्याच लोकांच्या. सारा महारपुरा आला होता बघायला. आपल्यातला पोरगा बीए झाला अन् खुद्द देशमुखानं हार दिला, यापरीस मोठं काय? माझी माय तर पदर तोंडाला लावून रडत होती. आनंदानं हो. मीसुद्धा एक टाळी वाजवली होती, खोटं कशाला सांगू. दुसरी वाजवायला हात गेलाच नाही.

मी काही शाळा शिकलेली बाई नाही. पण कॉलेज कसं असतं ते मला विचारा. चार वर्षं केलंय मी. आत पाय न ठेवता.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच मी रांडावले. तेव्हा मला नीट लुगडंही नेसता येत नव्हतं. माहेरी येऊन पडले, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायचा. भाऊ माझ्याहून लहान, हुशार. वाशीमला मॅट्रिक झाला अन् एका साहेबाच्या मदतीनं नागपूरच्या कॉलेजात गेला. पण तिथली खानावळ त्याला पंगतीत बसू देईना. मागच्या दाराशी बसून जेव म्हणे. त्याचं पत्र आलं तसं बा म्हणाला, "बाईले पाठवून देऊ. इथं तरी काय करून राह्यली ते?"

तशी मी गेले. वाशीमहून छोटी गाडी, अकोल्याहून मोठी. नाल्याच्या काठी एक खोली. सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी. अंबाडीची भाजी, बेसन, कधी नुसतं तिखट. तो मोठ्यानं घोकायचा, मी पीठ मळायची. त्याचं इंग्रजी माझ्या कानात इतकं बसलं होतं की तो एखादी ओळ चुकला तर मला कळायचं. अर्थ नाही कळायचा. चूक कळायची.

एकदा म्हटलं, "मलेही दोन अक्षरं दाखव नं बावा."

"तुले कायले पाहिजे?" म्हणाला. रागानं नाही हो. खरंच त्याला कळलं नव्हतं मला कशाला पाहिजे ते.

मग माझी मीच शिकले. कशी, सांगते. बाजारात दुकानांवर पाट्या असत. तेलाच्या दुकानावर तेल लिहिलं असणार, कापडाच्या दुकानावर कापड. आत काय विकतात ते बघायचं अन् वरचं अक्षर ताडायचं. तेलातला 'ल' लाकडाच्या वखारीवर सापडला तेव्हा मी रस्त्यात एकटीच हसले होते. मग पुड्यांचे कागद. मीठ डब्यात ओतायचं अन् कागद चुलीपाशी ठेवायचा. दोन वर्षांत मी घडाघडा वाचायला लागले. भावाला पत्ता नव्हता.

त्याला विचारायची, "कॉलेजात कसे वागतात रे?" तो म्हणायचा, "तिथं समदे सारखे, बाई. एका बाकावर बसतो आमी."

पण घरी आला की आधी दोन गडवे पाणी प्यायचा. उभ्या उभ्या. उन्हाळ्यात ठीक आहे. पण पौषातल्या थंडीतसुद्धा? तेव्हाच माझ्या मनात किडा शिरला. ज्या कॉलेजात दिवसभर पाण्याला हात लावू देत नाहीत, तिथं सारखं काय असेल? तो सांगत नव्हता, मी विचारत नव्हते. असं चार वर्षं चाललं.

बीए होऊन गावात आलो अन् पाच महिने काहीच नाही. तहसिलीत कारकुनाची जागा होती. साहेब म्हणाला, सगळं ठीक, पण गावच्या प्रतिष्ठित माणसाचा चालचलनाचा दाखला आण. गावात प्रतिष्ठित म्हणजे देशमुख. तो दहा वेळा म्हणाला उद्या ये. अन् दसरा झाल्यावर निरोप आला की सत्कार करतो, तिथंच दाखला देतो, साऱ्या वस्तीला घेऊन ये.

म्हणून तो वाकला. हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. दाखला कारभाऱ्याच्या कोटाच्या खिशात घडी करून ठेवलेला दिसत होता.

टाळ्या थांबल्या तशी देशमुखाची नजर माझ्यावर पडली. "हे बहीण का रे? हिनंच रांधून घातलं म्हनतेत तुले. हिलेही द्या काही."

कारभाऱ्यानं चोळीचा खण आणला. हिरवा, लाल काठाचा. इतका चांगला खण माझ्या अंगाला कधी लागला नव्हता. अन् विधवेला हिरवा खण! तेही त्यांच्या ध्यानात नव्हतं, की असून मुद्दाम, देव जाणे. त्यानं तो तसाच मातीत ठेवला.

मी उभी राहिले.

"उचल नं व," कारभारी म्हणाला.

माझ्या तोंडून शब्द कसे निघाले ते अजून मला सांगता येत नाही. आवाज मोठा नव्हता. मी म्हटलं, "हातात द्या. नाही तं राहू द्या."

मायनं मागून माझं लुगडं ओढलं. देशमुख आधी हसला. "काहून रे, बीए तू झाला का हे झाली?"

काही लोक हसले. आमच्यातलेही. भाऊ माझ्याजवळ आला, गळ्यात तो हार, अन् दात आवळून म्हणाला, "उचल, बाई. माह्यासाठी उचल."

हे मात्र मला लागलं. देशमुखाचं नाही लागलं तितकं. चार वर्षं मी त्याच्यासाठीच तर वाकले होते. चुलीपुढं, नळापुढं, घरमालकिणीपुढं. ती म्हणायची पायरीवर बसू नको, मी उठायची. पण ते वाकणं यासाठी होतं की हा तरी वाकणार नाही. मी त्याच्याकडं पाहिलं अन् म्हटलं, "नाही उचलत."

देशमुखानं कारभाऱ्याकडं बोट केलं. कारभाऱ्यानं खिशातला कागद काढला होता, तो परत आत घातला. "ज्याच्या घरातल्या बाईची अशी चाल," देशमुख म्हणाला, "त्याच्या चालीची हमी मी कशी द्यू?"

झालं. लोक उठले. खण तिथंच राहिला.

घरी मायनं मला दोन दिवस भाकर वाढली नाही, माझी मीच घेतली. बा बोललाच नाही. भाऊ बोलला. "माही चार वर्सं पान्यात घातली तूनं!"

मी म्हटलं, "ते चार वर्सं माहीही होती."

त्याला हे कधी सुचलंच नव्हतं.

तहसिलीची जागा गेली. दोन वर्षं तो कारंज्याच्या जिनात कापसाच्या गठाणींवर नंबर टाकत होता, बीए होऊन. मग अकोल्याला मास्तर झाला, लग्न झालं, तिकडंच राहिला. मला लोक अजून म्हणतात, एक चिंधी उचलली असती तर भाऊ तहसिलदार झाला असता. झालाही असता. रात्रंदिवस विचार केला आहे मी यावर, तुम्ही नवीन काही सांगणार नाही.

अन् कॉलेज फुकट गेलं असंही मला म्हणवत नाही, बरं का. एकदा पोलीस जमादारानं आमच्या वस्तीतल्या एका गड्याला चोरीच्या संशयावरून डांबून ठेवलं होतं. भाऊ गावात आलेला होता. त्यानं इंग्रजीत अर्ज लिहिला. कचेरीतल्या साहेबानं तो वाचला अन् संध्याकाळच्या आत गडी सुटला. अख्ख्या पुऱ्यानं भावाला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी पण गेले होते कचेरीत. मी काय पाहिलं, तर कागद आत गेला अन् भाऊ बाहेर, कडुनिंबाखाली. त्याचं इंग्रजी साहेबाच्या खुर्चीपर्यंत पोचलं, तो पोचला नाही.

तेव्हापासून कोणी म्हटलं की शिका म्हणजे वर याल, तर मी विचारते, कोण वर येतं? कागद का माणूस?

आता इंग्रज चालले म्हणतात. भावाची पोरगी मॅट्रिक झाली. गेल्या आठवड्यात एकटीच आली माझ्याकडं, हातात कॉलेजचा फॉर्म अन् बापाची चिठ्ठी. चिठ्ठी मी वाचली. भावानं लिहिलं होतं, पोरीला बोर्डिंगात जागा मिळेल, पण फॉर्मवर गावच्या प्रतिष्ठित गृहस्थाची सही लागते. देशमुखाचा मुलगा आता वकील आहे, स्वभावानं बरा आहे, पोरीला घेऊन त्याच्याकडं जा. जुनं मनात ठेवू नको.

मी पोरीला म्हटलं, "तुले कायले जायाचं व कॉलेजात? तुह्या बापाचं काय झालं माहीत आहे ना?"

"जाऊन पाह्यल्याबिगर कसं सांगू, आत्या? तुमी तं न जाताच सांगून राह्यल्या."

"मी चार वर्सं गेली."

"चुलीपाशी!"

"हो, चुलीपाशी. तिथून लय दिसते."

ती हसली. म्हणाली, "आत्या, एक सही तं आहे. वकील काही वाईट नाही म्हनते बाबा. दोन मिनिटं उभं राहाचं ओट्याखाली."

दोन मिनिटं. पोरगी सोळा वर्षांची, अजून कॉलेजची पायरी चढली नाही, अन् कुठं उभं राहायचं ते तिला आधीच माहीत. हे तिला कोणी शिकवलं? बापानं. अन् बापाला? माझा संशय तिथंच आहे. कॉलेज वाकायला शिकवत नसेलही, पण वाकल्याशिवाय आत घेत नाही.

तरी मी तिला घरी ठेवणार नाही. घरी ठेवून मी काय देणार आहे तिला, वेचणीचं ओझं? जाऊ दे. स्वतः पाहू दे. पटलं नाही तर परत येऊ दे, मी विचारणार नाही काहून आली.

पण ती सही आणायला मी गेले नाही, तिलाही जाऊ दिलं नाही. म्हटलं, "वाच, कुठं करायची सही ते." तिनं बोट ठेवलं. मी दौत मागितली. ती म्हणाली, "आत्या, तुमचं कोन मानते?" मी म्हटलं, "तेच तं पाहाचं आहे."

गावातील प्रतिष्ठित गृहस्थ, तिथं मी माझं नाव लिहिलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. धंदा या जागी मजुरी. अक्षर वाकडं आलं, वाचता येतं. फॉर्मचं पाकीट घेऊन वाशीमला चालत गेले अन् माझ्या हातानं डाकेत टाकलं.

परत आलं तर मी पुन्हा हेच नाव लिहीन.