बंद पाडलेला वाहक

५ ऑगस्टला आमच्या संशोधन संस्थेने माझ्या साडूंना येण्याजाण्याचे एकशे ऐंशी रुपये दिले. साडू अठ्ठावीस वर्षं बसवर वाहक होते. गुडघा दुखायला लागल्यावर डेपोने त्यांना टेबलावर बसवलं. पुन्हा गाडीवर पाठवायचं की नाही, हे डेपोचे डॉक्टर महिनाअखेर ठरवणार होते. टेबलावर त्यांचा जीव रमत नव्हता. जेवायला बसतानाही ते घरच्यांना "पुढे सरका" म्हणत.

मीच त्यांना रक्त द्यायला आमच्याकडे आणलं. पाणी कमी पडलं की झाड एक संप्रेरक तयार करतं आणि त्याने पानांची छिद्रं मिटतात. तेच संप्रेरक माणसाच्या तांबड्या पेशीत कसं शिरतं, हे आमच्या संशोधक बाई तपासत होत्या.

रक्त देऊन साडू कोपरात कापूस धरून बाहेर बाकावर बसले होते. आतून बाईंचा आवाज आला, "वाहक पूर्ण बंद पडलाय. मोठ्या सरांना कळवून टाकू."

साडू तसेच उठून घरी गेले. पुढच्या खेपेला आलेच नाहीत. मेहुणीचा फोन आला, "भावजी, यांचं जेवणात लक्ष नाही. तुमच्या ऑफिसात काय झालं?"

मी गेलो. साडू म्हणाले, "रक्त माझं घेतलंत आणि गाडीही माझीच बंद केलीत. निदान तुम्ही तरी कानावर घालायचं, भाऊ."

घोटाळा माझ्या लक्षात आला. मी तिथूनच बाईंना फोन लावून साडूंच्या हातात दिला आणि स्पीकर चालू केला.

"काका, पेशीच्या पडद्यात एक प्रथिन असतं," बाई म्हणाल्या. "ते संप्रेरकाला आत घेतं, म्हणून आम्ही त्याला वाहक म्हणतो. औषध घालून आम्ही तोच बंद पाडला. मग संप्रेरक जवळजवळ सगळं बाहेरच राहिलं. म्हणजे त्याला आत घेणारा तोच. तुमचं रक्त ठणठणीत आहे."

साडूंनी फोन तोंडाजवळ धरला.

"म्हणजे वाहकाची किंमत कळायला त्याला बंद पाडावं लागतं?"

"प्रयोगात तरी तसंच करतो, काका."

"मग डेपोचा प्रयोग चालू आहे म्हणायचा."

महिनाअखेर डॉक्टरांनी गुडघा नापास केला. टेबल कायम झालं. मी सोबत होतो. परतताना बसचा वाहक साडूंच्या ओळखीचा निघाला. मागून एक बाई पिशव्या सावरत येत होती. ती चढेपर्यंत साडूंनी त्याला घंटी मारू दिली नाही.

साडूंकडे पास आहे. माझं तिकीट त्यांनी काढलं. ते चौदा रुपये मी त्यांना देणं लागतो.