गरिबीची तालीम

मामा म्हणजे एक नंबरचा दीडशहाणा. गल्लीत त्याला सगळे स्कॉलरशिपमामा म्हणायचे आणि त्याला ते चक्क कौतुक वाटायचं. स्वतः दहावीतच आपटलेला, पण कुठल्या ट्रस्टला अनाथ आवडतात आणि कुठे आजारी आई खपते हे त्याला तोंडपाठ. भाचीला दहावीला घसघशीत मार्क पडले, पुढची फी काही बापाला झेपणारी नव्हती, म्हणून मामाने एक फॉर्म आणून दिला. बस्स, तेव्हापासून स्वारी घरची मालक. मार्क जणू त्यानेच मिळवले होते.

ट्रस्टची माणसं घर बघायला येणार होती. सकाळपासून मामाने घर ओरबाडून काढलं. पडदे गेले, टेबलफॅन गेला, आणि ज्यावर घर चालायचं ते बाबांचं शिवणयंत्रसुद्धा शेजारच्या काकूंच्या पलंगाखाली गेलं. बाबांना म्हणे फाटकं बनियन घालायचं. लोकांचे कपडे शिवून देणारा माणूस, त्याच्याकडे फाटकं बनियन कुठलं? मामाने एक धड असलेलं घेऊन खांद्यावर टरकावलं. भावापुढे आईची ब्र काढायची हिंमत नव्हती. मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कॉलेज डोळ्यांपुढे होतं, तिने गिळलं.

ट्रस्टच्या बाई आल्या, सोबत फाइल धरायला एक गृहस्थ. दोघांनी दारातच नाकं मुरडली आणि मग खूश झाले. त्यांना असंच घर हवं होतं. उकाड्याने बाई घामाघूम झाल्या होत्या. मामाने गळा काढला. भावजींची नोकरी गेली, दिवसभर नुसते पीत बसतात, पोरीच्या नशिबाचे भोग, असं काय काय.

बाईंनी बाबांकडे न बघताच विचारलं, "किती वर्षं पिताय?"

खोकल्याच्या औषधानेही ज्यांना गरगरतं, त्या बाबांनी लेकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "झाली बरीच," ते म्हणाले.

मुलगी उठली ती थेट काकूंकडे. यंत्र दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून आणलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

"बाबा पीत नाहीत, कपडे शिवतात," ती म्हणाली. "फॉर्म मामांनी भरला, सही मी केली. खोटेपणा दोघांचा."

मामाचा चेहरा पडला तो बघण्यासारखा होता. बाईंनी फाइल मिटली. अशा मुलांना आम्ही मदत करत नाही, असं त्या बोलल्या. कशा मुलांना करतात, ते मुलीने विचारलं नाही.

बाबा शर्ट चढवून बाहेर गेले, टेबलफॅन घेऊन आले. प्लग लावला आणि पंख्याचं तोंड आधी त्या दोघांकडे वळवलं.

"बसा," ते म्हणाले, "घामाने भिजलाय तुम्ही."