झाडू तर एका हातानेही लागतो

मालकीण बेनने माझ्या पोरीच्या हातातून नातवाचा रबरी चेंडू ओढला आणि माझ्याकडे फेकला. "साबुन से धो दे. बाबा मुँह में डालता है."

मी धुतला. पोर बघत होती.

सुरतेत बेनच्या घरी मी झाडू-पोता करायचे. घरवाला डिंडोलीत कापडाच्या लूमवर कामाला. चार वर्षांच्या पोरीला ठेवणार कोणाजवळ, म्हणून सोबत न्यायचे. तिची डावी मूठ कायम घट्ट, अंगठा आत दडलेला. बेनच्या नातवालाही तेच, सेरेब्रल पाल्सी. वयही तेच, मूठही तशीच.

पण त्याला शिकवायला थेरपीच्या मॅडम घरी यायच्या. चांगल्या हातात मोजा चढवायच्या, म्हणजे दुसऱ्या हाताला काम करावंच लागे. मणी उचल, झाकण धर, कणीक दाब. मी फरशी पुसत बघायचे. एक दिवस त्याने डाव्या हाताने द्राक्ष उचललं. घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या. वाटलं, पडावं ते द्राक्ष. एवढ्याशा लेकराबद्दल असं वाटलं मला. त्याची बोटं उघडत चालली होती. माझ्या पोरीची मूठ तशीच.

मॅडमनी जाता जाता तिचा हात बघितला. म्हणाल्या, "हिचंही सुरू करा. या वयात हात लवकर शिकतो."

मी बेनला म्हटलं, "बेन, मॅडम आती है तब इसको बाजू में बैठने दो. सिर्फ देखेगी."

बेन हसली. "इसको कौन से ऑफिस जाना है? झाडू तो एक हाथ से भी लगता है."

झाडू माझ्या हातातच होता. बेनच्या पायाशी ठेवला.

"तो लगा लो."

पोरीला कडेवर घेतलं. जिना उतरले. परत गेले नाही.

सरकारी दवाखान्यात म्हणाले, पुढच्या महिन्यात या. मी दारातच बसून राहिले. शेवटी बघितलं त्यांनी. आता घरी मीच पोरीच्या उजव्या हातात मोजा घालते. ती चिडते, चावते. अंगठा जरा बाहेर येतो, पुन्हा आत जातो. हात किती उघडेल, कोणी सांगत नाही.

त्या मुलाचा हेवा अजून वाटतो. तो हेवा मी जाऊ देणार नाही. त्याला जे मिळालं त्यावर माझ्या पोरीचाही हक्क आहे. आमच्या गल्लीत मुठी मिटलेली अजून पोरं आहेत. आता दवाखान्याच्या त्या दारात मी एकटी बसणार नाही. त्यांच्या आयांना घेऊन बसणार. आणि एकेका पोराचा हात बघितल्याशिवाय आम्ही कोणी उठणार नाही.