लाल दिसता कामा नये

त्या शनिवारी दुपारी मी हरभऱ्याच्या बांधावरून सहा काठ्या उपटल्या. प्रत्येक काठीला एक लाल चिंधी बांधलेली होती. काम मी मन लावून केलं. चिंध्या आतल्या बाजूला गुंडाळल्या, सहाही काठ्यांची मोळी केली आणि शर्यतीच्या ट्रॅकवरून दिसणार नाही अशी कोरड्या नालीत ठेवून दिली. ‘या वावरात फवारणी झाली आहे, इथलं काही तोंडात घालू नका’ असा त्या चिंध्यांचा अर्थ होता, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तोपर्यंत माझी मैत्रीण माझ्याआधी तिथे पोचली होती. तिला ओला हरभरा फार आवडायचा.

अमरावतीच्या कॉलेजात आमचं ते शेवटचं वर्ष. अकोल्याच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, मोटरसायकलींची मातीतली शर्यत होणार होती आणि झेंड्या दाखवायला स्वयंसेवक हवे होते. मैत्रीण अंजनगाव सुर्जीची, शेतकऱ्याच्या घरातली, कुठेही पुढे होणारी. तिने स्वतःचं नाव दिलं आणि मला न विचारता माझंही दिलं. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाली, “तुयासारखीच्यासाठीच हाय हे काम. झेंडीवालीले बोलाच लागत नाई.”

म्हणून मी हो म्हटलं.

मला बोलायला नको असायचं, त्याला एक जुनं कारण होतं. मी आठेक वर्षांची असताना चांदूर बाजारला एका नातेवाइकांकडे आम्ही जेवायला गेलो होतो. मोठी माणसं शेजारच्या कुणाबद्दल बोलत होती. त्याने औषध घेतलं, असं एक काका म्हणाले. आमच्या इंग्रजी शाळेत औषध म्हणजे मेडिसिन एवढंच शिकवलं होतं. मी विचारलं, “मग बरे झाले का ते?” पंगतीतले सगळे हात थांबले. कुणी रागावलं नाही, हसलंही नाही. आईने माझ्या ताटात न मागता भात वाढला आणि नंतर आत नेऊन एवढंच म्हणाली, की सगळ्यांसमोर असं विचारू नये. त्या वर्षांत ‘औषध घेतलं’, म्हणजे फवारणीचं विष पिऊन जीव दिला, हे वाक्य आमच्याकडे पुष्कळदा ऐकू यायचं, नेहमी खालच्या आवाजात. मी पुन्हा कधी मध्ये बोलले नाही. हळूहळू बाकीचे प्रश्न विचारणंही सुटलं. कळलं नाही तर बघत राहायचं, आपोआप कळतं, असा माझा समज झाला होता.

शर्यतीच्या आधी आठवडाभर मी तयारी करत होते. स्वयंसेवकांना एक यादी आली होती. बूट बंद हवेत, बाह्या पूर्ण हव्यात, तोंडाला बांधायला मोठा रुमाल हवा. थंडी फार असेल, हातमोजे आणा. बोटं आखडली तर झेंडी सुटते. आणि शेवटी, लाल, पिवळं, हिरवं काही घालू नका, कारण चालवणाऱ्याला लांबून झेंडी वाटते. माझ्याकडे गरम म्हणावा असा एकच स्वेटर होता आणि तो लाल होता. आईने बाबांचं राखाडी जॅकेट काढून दिलं. गाड्या अंगावर आल्या तर काय करणार, असं तिने दोनदा विचारलं. वळणावर टायर रचून आमच्यापुढे भिंत केलेली असते, असं मी सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, जॅकेटची चेन तेवढी दोन-तीनदा वर-खाली करून पाहिली.

जागा म्हणजे एक लेआउट होतं. कधीकाळी कापसाचं वावर, मग प्लॉट पाडून विकायला काढलेलं. मुरमाचे रस्ते झाले होते, नंबर घातलेले पांढरे दगड रोवले होते आणि फाटकापाशी पोहण्याच्या तलावाचं चित्र असलेला बोर्ड होता. घर एकही नव्हतं. आजूबाजूची वावरं मात्र अजून पेरलेली होती. सातव्या वळणाला लागूनच हरभरा होता, हिरवागार, घाट्यांनी भरलेला. तिथे पाखरं फारशी नव्हती. हे मला त्या शनिवारीच दिसलं होतं. मी ते थंडीवर ढकललं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्हाला शिकवायला अकोल्याचे एक गॅरेजवाले चाचा होते. तरुणपणी स्वतः शर्यतीत पळायचे, आता एक पाय किंचित ओढत चालायचे. पिवळी म्हणजे पुढे धोका, हळू व्हा. हिरवी म्हणजे रस्ता मोकळा. लाल म्हणजे सगळं थांबवा, आणि ती कंट्रोलवरून सांगितल्याशिवाय कुणी काढायची नाही. ट्रॅककडे पाठ करायची नाही. झेंडी गुंडाळून काखेत धरायची, लोंबू द्यायची नाही. पुढे ते हसून म्हणाले, “बेटा, झेंडी दिसली म्हंजे बोलली. गाडीवाला तुमचं तोंड नाई पाहत, कपडा पाहते. म्हनून ट्रॅकवरून दिसन असं लाल काई ठिवू नका. रुमाल, पिशवी, पाटी, काईच नाई.”

मला ते वाक्य फार आवडलं. आपल्यासाठीच कुणी केलेला नियम वाटला.

मग ज्याला त्याला आपापलं वळण मिळालं. मैत्रीण दोन नंबरवर, पार दुसऱ्या टोकाला. मी सातवर, एकटी. उभी राहिले, पिवळी झेंडी काढून पाहिली, पुन्हा गुंडाळली आणि मागे वळले, तर बांधावर सहा लाल चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. वळणावर येणाऱ्याला त्या बरोबर माझ्या डोक्यामागे दिसल्या असत्या.

चाचांना विचारावं असं मनात आलं. वाक्यही जुळवलं. ते तेव्हा लांब उभे राहून कुणाला तरी वायरलेस कसा धरायचा ते दाखवत होते, भोवती दहा-बारा मुलं होती. एवढ्या सगळ्यांसमोर जाऊन चिंधीबद्दल विचारायचं. वाक्य मी परत आत ठेवलं. ट्रॅक आखणाऱ्यांनी खुणेला लावल्या असतील, राहून गेल्या असतील, असं स्वतःशी ठरवलं आणि एकेक काठी उपटली. माती मऊ होती. काठ्या सहज निघाल्या.

मुक्काम मैत्रिणीच्या मामांकडे अकोल्यातच होता. संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात टॉवेल घेऊन सराव केला. मामा खुर्चीत बसून मुद्दाम चुकीचे हुकूम सोडत होते आणि मामी म्हणत होत्या की टॉवेल फाटला तर उद्या तुमच्या मामाले पुसाले धोतर देईन. जेवताना मैत्रिणीने सकाळचा बेत सांगितला. सगळे स्वयंसेवक लवकर जाणार, शेकोटी करणार आणि वळणाजवळचा हरभरा उपटून त्यात भाजणार. मालकिणीले इचारलं का, असं मामींनी विचारलं. चार पेंढ्यांनी काई होत नाई, असं ती म्हणाली.

चिंध्यांचं तेव्हा सांगता आलं असतं. तीच एक होती जिला ऐकताक्षणी कळलं असतं. पण मी किती नीट काम केलं हे सांगत बसल्यासारखं वाटलं असतं, म्हणून मी भाकरीकडे पाहत राहिले.

सकाळी झेंड्यांची पिकअप तिला घेऊन सहालाच गेली. मामी सगळ्यांसाठी चहा करत होत्या, तो थर्मास घेऊन मी अर्ध्या तासाने ऑटोने निघाले. धुकं होतं. ऑटोवाल्याने कानाला मफलर गुंडाळला होता. गाव संपलं, वावरं लागली. एका वावराच्या कडेला धुक्यात मला लाल चिंधी दिसली. मग आणखी एक. काठीला बांधलेली, तशीच. पुढे तुरीच्या एका तुकड्याला चारही कोपऱ्यांवर. शर्यतीची जागा अजून चार-पाच किलोमीटर लांब होती. इथे कुणी कसल्या खुणा लावल्या असतील?

मी पुढे वाकून विचारलं, “दादा, त्या लाल चिंध्या कशाला लावतात?”

त्याने आरशातून पाहिलं. इतकं साधं कुणी विचारतं का, असं त्याला वाटलं असावं. “औषध मारलं रायते ना वावरात. मंग बांधाले, धुऱ्यावर लाल लावते. ढोरं नाई सोडाव म्हनून. अन् मानसंबी.”

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ऑटोवाल्याला जोरात चला म्हणाले, तर तो म्हणाला, धुक्यात नाई होत बाई. चाचांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी तो मागितलाच नव्हता.

फाटकापाशी उतरले तेव्हा लेआउटच्या मधोमध धूर दिसला. सातव्या वळणाजवळचा हरभऱ्याचा कोपरा उपटून मोकळा झाला होता. शेकोटीभोवती पंधरा-वीस जण होते, काहींच्या हातात डहाळे. मी ओरडले. माझा आवाज धुक्यात चार पावलंही गेला नसेल. कुणी वळलं नाही.

पिकअप फाटकाशीच उभी होती, झेंड्या मागे बांधून ठेवलेल्या. मी लाल ओढून काढली, दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि हलवत पळाले.

आधी चाचांनी पाहिलं. ते रागावूनच पुढे आले, कारण ती झेंडी अशी काढायची नव्हती. कुणीतरी म्हणालं, अजून गाड्या तर सुटू दे. हसले सगळे. मैत्रीणही हसली. तिच्या ओठांना हिरवं लागलं होतं.

“औषध आहे त्याला,” मी म्हणाले.

हसणं जागच्या जागी थांबलं. लहानपणच्या पंगतीत हात थांबले होते, तसेच हात थांबले. मग डहाळे खाली पडायला लागले. चाचांनी पायाने शेकोटी विस्कटली आणि कुणी कुणी खाल्लं ते विचारायला सुरुवात केली. बहुतेकांचे घाटे अजून विस्तवावरच होते. दोघांनी एखाददुसरा तोंडात टाकला होता. मैत्रिणीने भाजायची वाट पाहिली नव्हती. अर्धी पेंढी तिने उभ्याउभ्या, न धुता, कच्चीच खाल्ली होती.

“चिंधी नव्हती ना,” ती म्हणाली. “म्या पाह्यलं ना पहिले. एक जरी चिंधी असती, तं हात नसता लावला.”

हे बोलताना तिच्या वरच्या ओठावर घाम होता. त्या थंडीत.

पिकअपमध्ये मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले. वाटेत तिला दोनदा उलटी झाली. तोंडाला पाणी सुटत होतं, ते ती पुसत होती, आणि मग पुसणंही थांबलं. ती वाचली. हे मी इथेच सांगून टाकते, कारण त्या सकाळी मला ते सांगणारं कुणी नव्हतं.

दवाखान्यात तिला आत नेलं. एका डॉक्टरांनी धावताधावता मला विचारलं, काय घेतलं, किती घेतलं, घरात काही भांडण झालं होतं का. मला प्रश्न कळायला वेळ लागला. त्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना तेच विचारलं जात होतं. तरुण मुलगी, तोंडाला औषधाचा वास, हिवाळ्याची सकाळ. तिथल्या लोकांना याचा एकच अर्थ माहीत होता.

मामा आले. त्यांना दवाखान्याच्या फाटकावरच कुणीतरी सांगितलं असावं, तेही ‘औषध घेतलं’ या त्याच दोन शब्दांत. काल रात्री टॉवेलवरून हसणारा माणूस भिंतीला टेकून उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, “पोरी, खरं सांग. काई बोलली होती का थे तुले? कोनाचं काई होतं का?”

मी मान हलवली. ती मान नाही म्हणत होती, पण त्यांना काय दिसलं कोण जाणे. ते तोंड फिरवून रडायला लागले.

दवाखान्यातल्या चौकीतले हवालदार जाड रजिस्टर घेऊन बाकावर येऊन बसले. त्यांना घाई नव्हती आणि रागही नव्हता. मैत्रिणीचं नाव, वय, गाव त्यांनी मामांकडून लिहून घेतलं. त्यापुढे न विचारताच लिहायला लागले. मी बाजूला उभी होते, मला उलटं वाचता येत होतं. ‘विषारी औषध घे’ एवढं झालं होतं.

ती शुद्धीत येईल तेव्हा हे लिहिलेलं असेल. अंजनगावला तिच्या आईला कुणीतरी खालच्या आवाजात विचारील, आणि मग बाकीचे सगळे विचारायचंच बंद करतील. चिंधी दिसली असती तर हात लावला नसता, हे तिने मला सांगितलं होतं. ते खरं होतं हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि का नव्हती दिसली, तेही.

“घेतलं नाही तिनं,” मी म्हणाले.

हवालदारांनी मान वर केली नाही. “मोठ्यानं बोल बाई.”

“तिनं काही घेतलं नाही. हरभरा खाल्ला. फवारलेला होता. धुऱ्यावर लाल चिंध्या होत्या, सहा. त्या मी उपटल्या.”

आता बाकावरचे सगळेच बघत होते. मामा वळले होते. हवालदारांनी पेन तसंच धरून विचारलं, “काहून?”

ट्रॅकवरून लाल दिसायला नको होतं म्हणून. हे मी सांगितलं आणि सांगताना त्याला काही अर्थ आहे असं वाटलं नाही. त्यांना तर वाटलं नसेलच. त्यांची नजर माझ्या हाताखाली गेली. लाल झेंडी अजून माझ्या काखेत होती, शिकवल्याप्रमाणे नीट गुंडाळलेली.

मग त्यांनी लिहिलेल्या शब्दांवर एक आडवी रेघ मारली आणि खाली नवी ओळ सुरू केली. “कोनं उपटल्या म्हनता? नाव सांगा.”

मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.