दोघांचेही रिपोर्ट

सतरा मार्च. आजचं काम म्हणजे पोलीस ठाण्यातून भावाच्या रक्ताचा रिपोर्ट आणणं. दिवाळीनंतर जासईजवळ ट्रेलरने त्याची स्कूटर चिरडली, तो जागीच गेला. तो प्यायला नव्हता हे कागदावर आल्याशिवाय विमा कंपनी वहिनीच्या अर्जाला हात लावत नव्हती.

तिथल्या हवालदारांचं नाव मी कधी विचारलं नाही. वाईट बातमी द्यायची असली की ते आधी टेबलफॅन समोरच्याकडे वळवत. आज पंखा त्यांच्याकडेच होता, म्हणून मी निवांत बसले.

"भाऊ क्लीन, ताई. दारू निल."

"आणि ट्रेलरचा ड्रायव्हर?"

पंखा माझ्याकडे वळला. "तो पण निल."

"म्हणजे पूर्ण शुद्धीत चिरडलं?"

"पळाला होता ना तो! दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलाला घेऊन आला, तेव्हा रक्त घेतलं. तोपर्यंत काय राहतंय? मेलेला माणूस पळत नाय ताई, त्याचं रक्त टायमावर मिळतं."

यात कुचेष्टा नव्हती. रद्दीवर शिक्का नीट उमटतो का ते पाहून त्यांनी मग तो माझ्या प्रतीवर मारला. सरकारदरबारी त्या रात्री जासईच्या रस्त्यावर सगळेच निर्व्यसनी होते.

अठरा मार्च. सकाळी अर्धी रजा टाकून मी माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन गेले. ड्रायव्हरचं रक्त किती वाजता घेतलं, एवढंच विचारलं होतं. हवालदारांनी अर्ज वाचला आणि स्वतःचं पेन माझ्यापुढे सरकवलं.

"अपघातानंतर किती तासांनी, ते पण विचारा."